गच्चीचं हिरवं दार

पोलीस खात्यातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली. कितीतरी गुन्हे विसरलो, आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळून गेले, पण एक हिरवं दार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. दुपारी जेवून जरा आडवा झालो की डोळा लागता लागता ते दिसतं. धुरकट उन्हात, शेताच्या बांधावरून, एकटंच तरंगत चाललेलं. गंमत म्हणजे ते जाताना मी पाहिलेलंच नाही. मी पाहिली ती नुसती चौकट आणि राख.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरीची. मी तेव्हा शहापूरला उपनिरीक्षक होतो. भाताच्या खाचरांत इमारती उगवायला लागल्या होत्या. उंबरमाळीकडची, धसई-मुरबाडकडची माणसं गावचं घर सोडून तिथे फ्लॅट घेऊ लागली होती. फ्लॅट घेतला म्हणजे चार भिंती घेतल्या, एवढंच बहुतेकांना ठाऊक. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, पुढचं अंगण ही सगळ्यांची मिळून असतात आणि ती सांभाळायला सोसायटी नावाचा संसार थाटावा लागतो, हे भांडण झाल्यावर कळायचं. भांडण झालं की मंडळी आमच्याकडे. पोलिसाने काठी आपटली की जिन्याखालची जागा मोकळी होते, अशी लोकांची भाबडी समजूत.

मी त्यांना वकीलबाईंकडे पाठवायचो. शहापूरच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या या बाई सोसायट्यांच्या भानगडीत मुरलेल्या होत्या. कमिटीवर निवडून आलेली माणसं नोकरदार, शेतकरी, मास्तर. सभा कशी घ्यायची, नोटीस कोणाला द्यायची, बिल्डरकडून काय मागून घ्यायचं, यातलं त्यांना काही माहीत नसे. बाई त्यांना पहिलीच्या मुलांना शिकवावं तसं शिकवायच्या. मला एकदा म्हणाल्या, "साहेब, नवराबायकोचं भांडण मी मिटवीन, पण गच्चीचं आलं की मला धडकी भरते."

त्या इमारतीचं भांडण गच्चीचंच होतं.

इमारत गावाच्या कडेला होती. मागे वाडी, वाडीमागे शेतं आणि त्यांच्यावर माहुलीचा डोंगर. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक बडे गृहस्थ राहायचे. बांधकामाच्या सामानाचा धंदा, चार पुढाऱ्यांत ऊठबस. बिल्डरने त्यांना तोंडी सांगितलं होतं की वरच्या फ्लॅटबरोबर गच्ची तुमचीच. झालं. त्यांनी जिन्याच्या शेवटी दार बसवलं, कुलूप ठोकलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. ज्या होळीला पुढचं सगळं घडलं, तिच्या आदल्या दिवशी तर दाराला नवा हिरवा ऑइलपेंट लावून वर 'खाजगी' असं लिहून घेतलं.

सोसायटीचे सेक्रेटरी एक गुरुजी होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. मूळचे मुरबाडकडचे, बौद्ध घरातले. वडिलांनी रोजंदारी करून शिकवलं आणि हा फ्लॅट म्हणजे घराण्यातलं पहिलं पक्कं छप्पर. सेक्रेटरीपद कोणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून यांच्या गळ्यात पडलेलं. गुरुजी वकीलबाईंकडे गेले. बाईंनी सांगितलं, गच्ची ही बिल्डरने विकायची वस्तूच नाही, ती सगळ्या फ्लॅटधारकांची आहे. पण कुलपाला हात लावायचा नाही. आधी ठराव, मग नोटीस, मग सहकार न्यायालय. गुरुजींनी सगळं तसंच केलं. दावा लागला आणि तारखा पडू लागल्या.

त्या वर्षी होळीचा बंदोबस्त माझ्याकडे होता. रात्रभर जागून सकाळी ठाण्यात येऊन टेकलो होतो. डोळ्यांत झोप, अंगाला धुराचा वास. फाल्गुनात आमच्या भागात हवाच अशी असते. शेतकरी राब भाजतात, म्हणजे रोपं टाकायची जागा पालापाचोळा पसरून जाळून घेतात. तो निळसर धूर दिवसभर अधांतरी राहतो. त्यात मोहाच्या फुलांचा गोड, जड वास. डोंगर आहे की नाही असं वाटावं इतका पुसट. अशा हवेत माणूस जागा असला तरी अर्धा स्वप्नातच असतो.

त्या धुरातून हे गृहस्थ तणतणत आत आले. आदल्या दिवशी नाशिकला गेले होते. सकाळी परतले तर गच्चीचं दार जागेवर नाही.

"कुलूप तोडलं?" मी विचारलं.

"कुलूप कसलं घेऊन बसलात! दारच नाही. कुलपासकट गेलं."

ठाणे अंमलदार आमचा जुना हवालदार होता. त्याने लिहिता लिहिता तोंडावर रुमाल धरला. मीही मिशीत हसलो असेन. पण पुढचं ऐकून हसू मावळलं. संशयित म्हणून त्यांनी गुरुजींचं नाव दिलं. मागच्या सभेत गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, हे दार एक दिवस निघणार. साक्षीदार पुष्कळ.

"आणि साहेब, या लोकांना जरा डोक्यावर बसवलं की..."

"बोला ना," मी म्हटलं. "वाक्य पुरं करा. जसंच्या तसं फिर्यादीत घेतो."

त्यांनी वाक्य गिळलं. गुन्हा मात्र दाखल करावा लागला, चोरी आणि नासधूस. तासाभरात वरून फोनही आला की प्रकरण लांबवू नका, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. अटक म्हणजे शिक्षकाच्या नोकरीवर निलंबन, पुढे चौकशी, गावभर बदनामी. निर्दोष सुटला तरी तोवर माणूस अर्धा होतो. मी हे पाहिलेलं होतं.

पंचनाम्याला गेलो. जिना चढून वर पोचलो आणि क्षणभर थबकलो. रिकाम्या चौकटीतून ऊन आत आलं होतं आणि जिन्यावर सांडलं होतं. पलीकडे ती मोठी, कोरी गच्ची. तिच्यावर कावळासुद्धा नव्हता. खाली पोरं रंग खेळत होती, त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वर येत होता. पंचांना हाक मारायची मला शुद्ध राहिली नाही. हवालदार खोकला तेव्हा भानावर आलो.

फिर्यादींच्या घराचं दार गच्चीच्या जिन्याला अगदी लागून. त्यांच्या पत्नी आदल्या दिवशी घरीच होत्या. जबाबात म्हणाल्या, "दुपारी झोपले होते. काही ऐकू आलं नाही." आवाज मऊ, नजर जमिनीवर. मी तसं लिहून घेतलं.

खबर मिळाली ती एसटी स्टँडवरच्या पानवाल्याकडून. पोलिसाचे कान त्याच्या डोक्याला नसतात, पानाच्या टपरीला असतात. चुना लावता लावता तो म्हणाला, "साहेब, काल वाडीच्या व्हळीचा धूर हुंगला का? नुसता ऑइलपेंटचा वास."

मी तडक वाडीत गेलो. होळीची राख अजून ऊब धरून होती. काहींनी निखाऱ्यांवर अंघोळीचं पाणी तापवायला ठेवलं होतं, काही कपाळाला राख लावून जात होते. कडेला वाडीतला एक वयस्कर माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. काठीने राख उकरली तर आधी बिजागऱ्या लागल्या, मग कुलूप. कोयंडा त्याच्यात अडकलेला, आणि कुलूप बंदच्या बंद.

"बाबा, हे दार इथे कोणी आणलं?"

"कोनी आनलं नाय. सांजचा आलो तं हितं उभं व्हतं."

"कोणाचं आहे, विचारलं नाही?"

म्हातारा माझ्याकडे बघून हसला. "व्हळीला आलेलं लाकूड कोनाचं, त्ये इचारायचं नसतं सायब. आन् व्हळीला गेलेलं माघारी मागायचं नसतं. तुमी हिकडचंच ना?"

मी इकडचाच. लहानपणी आम्ही होळीसाठी शेजाऱ्यांची कुंपणं उपटली, मोडक्या गाडीचं चाक पळवलं. चोरीची लाकडं नसतील तर होळी पेटत नाही, असं मोठी माणसंच म्हणायची. ज्याचं जाई तो एक शिवी हासडायचा आणि संध्याकाळी नारळ घेऊन त्याच होळीला यायचा. हा रिवाज कायद्याच्या कोणत्या कलमात बसवायचा ते मला प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

एवढं मात्र कळलं, की दार नेणाऱ्याला हा रिवाज पुरता ठाऊक होता. फिर्याद झाली तरी दार परत मिळणार नाही, अशा ठिकाणीच त्याने ते ठेवलं होतं.

दुपारी गुरुजींना ठाण्यात बोलावलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, कानामागे कोणा पोराने लावलेला गुलाल. समोर बसवून सरळ विचारलं.

"दार तुम्ही काढलं?"

"नाय साहेब."

"मग कोणी?"

"खोटं बोलत नाय. काल दुपारी शाळेतून आलो तेव्हा ते जाताना बघितलं. कोणी नेलं ते मला ठाऊक आहे. पण मी सांगणार नाय."

"अटक झाली तर निलंबन होईल, कळतंय ना?"

"कळतंय." त्यांची मान खाली गेली नाही. "सोसायटीने मला सामाईक वस्तू सांभाळायला नेमलं. गच्ची काय मला सांभाळता आली नाय. आता माणसांची नावं देऊन मोकळा होऊ का?"

राग आला मला. सरळ माणसाचा हट्ट गुन्हेगाराच्या खोटेपणापेक्षा जास्त त्रास देतो. खोटं पकडता येतं, या हट्टाचं करायचं काय? मी हवालदाराला चहा सांगितला आणि खिडकीबाहेर बघत बसलो. धुरात समोरचं पिंपळाचं झाड हलताना दिसत होतं, पण पानांचा आवाज येत नव्हता.

तेवढ्यात वकीलबाई आल्या. अंगावर काळा कोट नाही, केसांत रंग, घरातून तशाच उठून आलेल्या. आल्या आल्या आधी गुरुजींना झापलं, "ठाण्यात बोलावलं की आधी मला निरोप द्यायचा, हे कितीदा सांगितलं?" मग माझ्याकडे वळल्या.

"साहेब, चोरी व्हायला नुसती वस्तू हलवून भागत नाही. मनात लबाडी लागते. हे दार कोणी विकलं का, लपवलं का? सगळ्या वाडीसमोर जळलं."

"जाळलं म्हणजे नासधूस झालीच की."

"झाली. आणि चूक झाली, मी नाही म्हणत नाही. पण ती यांनी केली याला तुमच्याकडे पुरावा काय? सभेतलं एक वाक्य? ते तर मीच शिकवलेलं. न्यायालयाच्या हुकुमाने निघणार, असं ते वाक्य होतं. निम्मंच ऐकलं फिर्यादींनी."

बाईंचं म्हणणं खरं होतं. मी गुरुजींना बाकावर बसवून ठेवलं आणि पुन्हा त्या इमारतीत गेलो. बाईही माझ्यामागून निघाल्या.

या वेळी चौकट नीट पाहिली. राखेतल्या बिजागऱ्या वाकलेल्या नव्हत्या. चौकटीवर राहिलेला भागही शाबूत होता. म्हणजे कोणी बिजागरीचा खिळा खालून हलकेच ठोकून वर काढला होता आणि दार अल्लद उतरवलं होतं. कोयंडा तेवढा शेवटी चौकटीतून उपटलेला. चोराची नजर आधी कुलपावर जाते. या माणसाने कुलपाकडे पाहिलंच नव्हतं. खेड्यातल्या घराचं दार उचलून काढता येतं, लग्नकार्यात आम्ही ते काढून फळ्यांसारखं वापरतो, हे ज्याच्या हातांना माहीत आहे त्याचं हे काम.

खालच्या बिजागरीला बोट लावलं तर तांबडी पूड लागली. रंग असेल म्हणून हुंगली आणि एकदम शिंक आली. डोळ्यांतून पाणी. मिरची! हातोडी नव्हती ती. मसाल्याच्या पाट्यावरचा वरवंटा होता.

मी तिथेच जिन्यावर बसलो आणि हसत सुटलो. वकीलबाईंना वाटलं, जागरणाने साहेबांचं डोकं फिरलं.

फिर्यादींच्या पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या. कप हातात घेतला तर चहाच्या वासाआधी रॉकेलचा वास आला. त्यांच्या हाताकडे बघितलं. बोटं चोळून चोळून लाल झालेली, आणि नखांच्या कडेला हिरवी रेघ. रंगपाण्याचा रंग साबणाने जातो. ऑइलपेंट काढायला रॉकेल लागतं. मी चहा प्यालो. छान होता.

मग फिर्यादींना म्हटलं, "सगळ्या सभासदांना वर बोलावा. घरातल्या बायकांसकट."

सगळे गच्चीवर जमले. ऊन कलतं झालं होतं आणि धुरातून ते मधासारखं पिवळं उतरत होतं. तिथे उभी असलेली माणसं मला खरी वाटेनात. मी एवढंच म्हणालो, "गुरुजींना संध्याकाळी अटक करायची आहे. उद्या त्यांची नोकरी जाईल. त्यांना दार नेणारा माहीत आहे, पण ते नाव सांगत नाहीत. आता ज्याचा वरवंटा त्याने ठरवावं."

वरवंटा म्हटल्याबरोबर बायकांत कुजबुज झाली. मग उंबरमाळीकडची एक आजी पुढे आली. मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलेली, नऊवारी लुगडं, ताठ कणा.

"माजा वरवंटा. मास्तरला सोडा. त्या बिचाऱ्यानं तं आमाला बघून तोंड फिरवलं."

"आजी, दावा चालू होता ना?"

"व्हता ना. या बाईंला इचारलं, निकाल कवा? म्हनं, फुडच्या तारखेला कळंल." तिने वकीलबाईंकडे हात केला. "पापड-कुरडयांचं ऊन तारखेला थांबतं का गो? गेल्या साली पन आमी खोलीत पंख्याखाली वाळवल्या. बुरशी आली. गावाला अंगन व्हतं, हितं येक गच्ची. ती पन कुलपात. मंग म्हनलं, व्हळीला देऊ. व्हळीवर कोन केस करतंय?"

"एकटीनं उचललंत?"

"मी पन होते," एकीने म्हटलं. मागून दुसरी, तिसरी. तिसरी म्हणजे गुरुजींच्या पत्नी. आजीने शहाणपणा करून त्यांना दाराला हात लावू दिला नव्हता, नुसतं पुढे चालून वाट मोकळी आहे का ते बघायला सांगितलं होतं.

फिर्यादींना चेव चढला. "बघा साहेब! कबुली आहे ही. सगळ्यांना आत टाका!"

"टाकतो," मी म्हणालो. "पण दाराला चार कोपरे असतात. धरणाऱ्या तिघी कळल्या, चौथा कोणी धरला तेवढं कळू द्या."

फिर्यादींच्या पत्नीने पदर नीट केला आणि हात पुढे केले. तळव्यांवर फिकट हिरवे डाग होते.

"चौथा मी धरला."

त्या नवऱ्याकडे वळल्या.

"तुम्ही गच्ची आपली केलीत," त्या म्हणाल्या, "तेव्हापासून वर कोणी येत नाही. आधी या सगळ्या वाळवण घेऊन यायच्या. माझ्या दारातून पाणी न्यायच्या, चार शब्द बोलायच्या. आता दिवसभर मी आणि ते कुलूप. किल्ली तुमच्या खिशात. माझ्यानं सहन होईना हो." त्या रडत नव्हत्या. बायका मात्र रडायला लागल्या होत्या. आजीने पुढे होऊन त्यांचे ते हिरवे हात आपल्या हातांत धरले.

गृहस्थ कठड्याकडे गेले. माहुलीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. डोंगर दिसत नव्हताच. मग वळले. वकीलबाईंना म्हणाले, "हे मिटवायचं तर काय करावं लागतं?"

बाईंनी त्यांना समजावून सांगितलं. गच्ची सगळ्यांची, हे त्यांनी न्यायालयात मान्य करायचं. पण बायकांनाही त्यांनी सोडलं नाही. "आज तुम्ही वरवंटा चालवलात, उद्या दुसरा कोणी तुमच्या दारावर चालवेल. रिवाज चांगला आहे, पण तो पोलिसाला सांगून सुटका होत नाही. हे साहेब इकडचे निघाले म्हणून वाचलात." आजीने मान डोलावली. पटलं म्हणून की बाईंचं मन राखावं म्हणून, ते तीच जाणे.

मी पुरवणी जबाब घेतले आणि गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून न्यायालयात 'क' समरी, म्हणजे तपास बंद करायची शिफारस, पाठवली. वरिष्ठ चिडले, पण फिर्यादींनीच माघार घेतल्यावर ते तरी काय करणार? ठाण्यात परतलो तेव्हा गुरुजी बाकावर बसून हवालदाराच्या मुलीचं गणित सोडवून देत होते. "जा गुरुजी घरी," म्हटलं. त्यांनी पेन खिशाला लावलं, उठले, आणि मग पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरून आले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, एका छपराखाली राहणाऱ्यांना कायदा हवाच. तो समजावून सांगणारं माणूसही हवं, नाहीतर दांडगा माणूस सगळं गिळून टाकतो. पण कागदावर सामाईक लिहिलं म्हणून गच्ची सामाईक होत नाही. तिच्यावर माणसं यावी लागतात.

काही वर्षांनी माझी बदली झाली. जाण्याआधी, पुन्हा एका फाल्गुनात, सहज त्या इमारतीकडे पावलं वळली. जिना चढलो. शेवटी चौकट तशीच होती, दाराविना. तिच्यातून ऊन येऊन पायऱ्यांवर सांडलं होतं. गच्चीभर जुन्या साड्या अंथरलेल्या आणि त्यांवर पापड, कुरडया, सांडगे. मोहाचा तोच वास, धुरात बुडालेला तोच डोंगर. आजी आता राहिली नव्हती, असं खालीच कळलं होतं.

कोपऱ्यात गोणपाटाच्या सावलीत एक माणूस लांब काठी घेऊन कावळे हाकत बसला होता. जवळ गेलो तर आमचे फिर्यादी. मला बघून ओशाळले नाहीत. सरकून गोणपाटाखाली जागा करून दिली.

"बसा साहेब," ते म्हणाले. "आज राखणीची पाळी माझी आहे."